मान वळते, पाऊल हलत नाही

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनमध्ये कापडाचे एक जुने दुकान आहे. त्या दुकानाचे हिशेब मी अठरा वर्षे लिहिले. दुकानाचे मूळ मालक आज सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात. नऊ वर्षांचे असताना ते सिंधमधल्या शिकारपूरहून इकडे आले. तीन वर्षांपूर्वी पाडव्याला मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा माझ्या फोनमध्ये शिकारपूरच्या ढक बाजाराची एक चित्रफीत होती. तिथल्याच कुणा तरुणाने फोन हातात धरून बाजारातून चालत चालत ती काढलेली. वर छत असलेला, सावलीतला तो लांबलचक बाजार. दादांनी चष्मा पुसला आणि फोन नाकाजवळ धरला. दोन मिनिटे काहीच बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "रुक, रुक. यहाँ से बाएँ ले."

चित्रण करणारा तरुण अर्थातच सरळ पुढे गेला. दादांनी बोटाने पडदा डावीकडे सरकवून पाहिला. चित्रफीत बंद पडली. मी ती पुन्हा लावली. पुन्हा तेच वळण आले, पुन्हा तो तरुण सरळ गेला. तिसऱ्या वेळी दादांनी फोन गादीवर पालथा ठेवला आणि डावीकडे काय आहे ते स्वतःच सांगू लागले. तिथली गल्ली, गल्लीतला पाण्याचा हौद, हौदाशेजारचे मिठाईवाले. अठरा वर्षांत यातले अक्षरही मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

तो प्रसंग माझ्या डोक्यातून गेला नाही. गेली काही वर्षे मी निर्वासितांविषयीच्या डिजिटल कलाकृती जमेल तशा पाहतो आहे. काही पुठ्ठ्याच्या गॉगलमध्ये फोन अडकवून पाहिल्या, काही संगणकाच्या पडद्यावर. काही कलाकृती त्यांच्या दालनाबाहेर पाहताच येत नाहीत, त्या छायाचित्रांतून आणि वर्णनांतून समजून घेतल्या. या सगळ्यांना मी दादांचाच प्रश्न विचारत आलो आहे : इथून डावीकडे जाता येते का? आणि जाता येत नसेल, तर ते न येणे त्या कलाकृतीला ठाऊक आहे का?

शब्दांचा हिशेब

आपल्याकडे या माणसांसाठी तीन शब्द आहेत. 'शरणार्थी' हा शब्द ती कुठे आली, कशासाठी आली ते सांगतो. 'विस्थापित' हा सरकारी कागदावरचा शब्द आहे. कोयनेपासून पुढे तो धरणग्रस्तांच्या वाट्याला आला. 'निर्वासित' हा मात्र जे गेले त्यावरून माणसाला ओळखतो. ज्याचा वास सुटला तो निर्वासित. फाळणीनंतर आलेल्या अनेकांना हे शब्द बोचत. 'हम शरणार्थी नहीं, पुरुषार्थी हैं' असे ते म्हणत. दादाही तसेच म्हणतात. दुकान उभे करून त्यांनी ते सिद्धही केले. तरी त्यांच्या पत्त्यात 'कॅम्प' हा शब्द आजही आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सुमारे लाखभर सिंधी माणसे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाऊणशे वर्षे झाली, रिक्षावाला अजूनही 'कॅम्प तीन का, कॅम्प चार?' असेच विचारतो.

मराठीत 'घर' आणि 'बिऱ्हाड' हे दोन वेगळे शब्द आहेत, हेही आपले भाग्य. बिऱ्हाड हलवता येते, थाटता येते, विंचवासारखे पाठीवर घेऊन फिरताही येते. घर हलत नाही. निर्वासिताला दुसऱ्या गावात बिऱ्हाड थाटता येते, पुढे चार मजली बंगलाही बांधता येतो. पण ज्या उंबऱ्याला तो लहानपणी अडखळला, तो उंबरा तिकडेच राहतो. त्याचे एकटेपण इथून सुरू होते. छावणीत माणूस शब्दशः एकटा क्वचितच असतो. एका बराकीत गोणपाटाच्या आडोशाने चार चार कुटुंबे राहिली आहेत. गर्दी असते, खासगीपण नसते. उणीव असते ती त्या उंबऱ्याला ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसाची. जसजशी अशी माणसे जातात, तसतसे ते घर एकाच डोक्यात उरते. त्या डोक्याबरोबर तेही जाणार असते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या मोजणीनुसार २०२४च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे बळजबरीने विस्थापित झालेली होती. हा आकडा कोणाच्याही मनात मावत नाही. कलेचे काम तिथे सुरू होते. मात्र ती ते कोणासाठी करते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

ट्रंकेत मावलेले घर

सुरुवात मुंबईपासून करतो, कारण या विषयातली एक पायाभूत कलाकृती इथलीच आहे. नलिनी मालानी यांचा जन्म १९४६चा, कराचीचा. फाळणीने त्यांचे कुटुंब भारतात आणले. भारतात चित्रफितीचा कलामाध्यम म्हणून वापर करणाऱ्या पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते. मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, पाठोपाठ पाकिस्तानने केल्या. त्या पार्श्वभूमीवर त्यांनी 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग' हे चित्रफितींचे मांडणीशिल्प केले. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते दाखवले गेले. आधार सआदत हसन मंटो यांच्या कथेचा. मंटो स्वतः १९४८च्या जानेवारीत मुंबई सोडून लाहोरला गेले होते. म्हणजे ज्या शहरात मंटोंचे घर सुटले, त्याच शहरात, जिचे कराचीतले घर सुटले अशा कलावतीने, त्यांच्या कथेला पडदा दिला.

या मांडणीत भिंतींवर मोठी प्रक्षेपणे होती. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एक साडी घडी घालायचा प्रयत्न करतात आणि मध्ये अख्खे दालन पसरलेले असते. साडीची घडी दोघींनी दोन टोके धरून घालणे हे आपल्या घराघरांतले दृश्य. टोके जुळवायला एकमेकींकडे चालत यावे लागते. इथे चालत येणे शक्य नाही. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकांत अंथरुणे आणि त्यांत छोटे पडदे. त्या पडद्यांवर जगभरच्या विस्थापितांची दृश्ये.

ती ट्रंक मला फार मोलाची वाटते. पत्र्याची ट्रंक हे आपल्याकडच्या निर्वासिताचे खरे वाहन. घरातले जे तीत मावले ते आले, बाकीचे राहिले. मालानींनी त्या ट्रंकेत साड्या-भांड्यांच्या जागी हलते चित्र ठेवले. म्हणजे जे मावले नव्हते, तेच तीत ठेवले. शिवाय ट्रंकेतला पडदा पाहायचा तर प्रेक्षकाला वाकावे लागते. मोठ्या पडद्यापुढे आपण मान ताठ ठेवून बसतो. इथे पाठ वाकते, आणि दुसऱ्याच्या सामानात डोकावल्याची थोडी लाजही वाटते. ही लाज पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत डिजिटल कलेतून कमी कमी होत गेली, असे माझे निरीक्षण आहे. तंत्र सुधारले आणि डोकावणे सोपे झाले.

भिंतीवरचे चुंबन

तम्माम अज्जाम हे मूळचे चित्रकार. जन्म १९८०, दमास्कस. शिक्षणही तिथल्याच ललितकला विद्यालयात. २०११मध्ये सीरियात युद्ध पेटल्यावर ते कुटुंबासह दुबईला गेले. चित्रशाला मागे राहिली. रंग, कॅनव्हास, जागा, काही नाही. संगणक होता. त्यावर त्यांनी जे केले त्यातले 'फ्रीडम ग्राफिटी' हे चित्र २०१३च्या सुरुवातीला जगभर पसरले. सीरियातल्या, गोळ्यांनी चाळण झालेल्या एका इमारतीच्या भिंतीवर क्लिम्टचे 'द किस' हे सोनेरी चित्र. अनेकांना वाटले की कोणी तरी खरोखरच त्या भिंतीवर ते रंगवले आहे. प्रत्यक्षात ते संगणकावर जुळवलेले होते. 'सीरियन म्युझियम' नावाच्या त्याच मालिकेत गोयाचे गोळीबाराचे चित्र आणि मातीसचा नाचही अशाच भग्नावशेषांवर येतात.

या चित्रावर सोपेपणाचा आरोप करता येतो आणि तो अगदीच खोटा नाही. प्रेक्षक ओळखतो ते क्लिम्टला. ते घर कोणाचे, कोणत्या मजल्यावर कोण राहत होते, हे तो विचारत नाही. भोके सोन्याखाली सुसह्य होतात. मीही सुरुवातीला याच मताचा होतो. मग एक गोष्ट लक्षात आली. हे चित्र करणारा माणूस त्या भिंतीजवळ जाऊच शकत नव्हता. भिंतीवर खरोखर चित्र काढणाऱ्या माणसाचे पाय तिथल्या जमिनीवर असतात. अज्जाम यांचे पाय दुबईत होते. लोकांना जे खरे वाटले, ते खरे नसणे हाच या चित्राचा गाभा आहे. आपल्या देशातल्या भिंतीला हात लावण्याची इच्छा, आणि हाताशी फक्त माऊस. 'ही फसवी जोडणी आहे' असे कळल्यावर ज्यांचा विरस झाला, त्यांनी त्याच क्षणी चित्राचा खरा विषय पाहिला होता. तो त्यांना ओळखता आला नाही, एवढेच.

२०१६मध्ये अज्जाम जर्मनीला गेले. त्यानंतर ते रंगांकडे आणि कागदाच्या तुकड्यांच्या चिकटचित्रांकडे वळले. म्हणजे डिजिटल माध्यम हे त्यांचे बिऱ्हाड होते. चित्रशाला नसतानाच्या काळात थाटलेले. डिजिटल कलेविषयी आपण 'भविष्याची कला' वगैरे बोलतो, तेव्हा ज्याच्याकडे दुसरे काहीच उरले नाही त्याचीही ती कला असू शकते, याचे भान ठेवायला हवे.

गॉगल कोणाच्या डोळ्यांवर?

२०१५च्या जानेवारीत दावोसला जागतिक आर्थिक परिषदेच्या वेळी काही बड्या मंडळींनी डोळ्यांवर गॉगल चढवून साडेआठ मिनिटांचा एक चित्रपट पाहिला. 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा.' गाबो अरोरा आणि क्रिस मिल्क यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी केलेला. जॉर्डनमधली झातारी छावणी ही २०१२च्या जुलैत उघडलेली, पुढे ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती झालेली. तिथली बारा वर्षांची एक मुलगी आपल्याला आपला दिवस सांगते. खोली, शाळा, भाकऱ्यांची भट्टी, व्यायामशाळा, फुटबॉल. कॅमेरा सगळ्या बाजूंनी चित्रण करणारा. त्यामुळे आपण मान वळवू तिकडचे दिसते. वर पाहिले तर आभाळ, मागे पाहिले तर तंबू.

त्याच वर्षी एका जाहीर भाषणात मिल्क यांनी या तंत्राला सहानुभूतीचे यंत्र म्हटले. हे बिरुद चांगलेच रुजले. चित्रपटाचा उपयोग पुढे निधी गोळा करण्यासाठी झाला. त्यात गैर काही नाही, भट्टीला पीठ लागतेच. प्रश्न कलेच्या दाव्याचा आहे. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी २०१७मध्ये या दाव्यावर झोड उठवली. त्यांचा मुद्दा असा : निर्वासिताचा त्रास छावणी कशी दिसते यात नसतो. तो भीतीत, अनिश्चिततेत, देश सुटण्यात असतो. शिवाय गॉगल वाटेल तेव्हा काढता येतो. सगळे पटण्यासारखे आहे. तरी ब्लूम यांच्या टीकेत मला एक त्रुटी वाटते. ते या चित्रपटाला त्याच्या जाहिरातीवरून तोलतात. चित्रपटात प्रत्यक्ष काय आहे, याकडे ते पुरेसे पाहत नाहीत.

मी तो चित्रपट पुठ्ठ्याच्या गॉगलमधून चार-पाच वेळा पाहिला. व्यायामशाळेतले पुरुष घरच्या लांबच्या प्रवासासाठी अंग कमावत आहेत, असे ती मुलगी सांगते. हे वाक्य विनोदी आहे आणि त्याच वेळी छाती दडपून टाकणारेही. वाट बंद असताना पायांना बळ आणायचे. आणि या तंत्राची मर्यादाही नेमकी हीच आहे. कॅमेरा एका तिकाटण्यावर खिळलेला. आपली मान गरगर फिरते, पण पाऊल इंचभर पुढे पडत नाही. भट्टीच्या पलीकडे काय आहे, ते वाकून पाहता येत नाही. अशा ३६० अंशांच्या चित्रणात प्रेक्षकाला 'तुम्ही तिथे आहात' असे सांगितले जाते. खरे तर तो तिथे आहे आणि तरी जाऊ शकत नाही. ज्याला घर सगळ्या बाजूंनी आठवते आणि ज्याला त्यात पाऊल टाकता येत नाही, त्याची अवस्था याहून निराळी काय असते?

माझा आक्षेप असा, की या चित्रपटाला आपल्याच माध्यमातले हे सत्य दिसलेले नाही. त्याने मर्यादा झाकली आणि उपस्थितीचे आश्वासन दिले. प्रेक्षकाला 'तिचे दुःख कळले' असे वाटले. 'मला डावीकडे जाता येत नाही' हे त्याच्या लक्षात आणून दिले असते, तर काही तरी खरे कळले असते. आणि मूळ प्रश्न उरतोच, की गॉगल कोणाच्या डोळ्यांवर होता? दावोसच्या पाहुण्यांच्या. त्या मुलीला तिचे सुटलेले घर कोणी दाखवले नाही. तिची छावणी इतरांना दाखवली.

चालता येते तेव्हा

पुढच्या दोन-तीन वर्षांत तंत्राने पायही मोकळे केले. अलेहांद्रो इन्यारितू यांची 'कार्ने ई अरेना' ही मांडणी २०१७मध्ये कान महोत्सवात आली आणि तिला खास ऑस्करही मिळाले. एका वेळी एकच प्रेक्षक. आधी थंडगार कोठडीत बूट-मोजे काढून बसायचे. आसपास सीमेवर सापडलेली स्थलांतरितांची पादत्राणे. मग अनवाणी वाळूवर चालायचे आणि मेक्सिको-अमेरिका सीमेवर पकडल्या जाणाऱ्या माणसांत साडेसहा मिनिटे वावरायचे. इथे प्रेक्षकाला सक्तीचे एकटेपण दिलेले आहे आणि ते परिणामकारक आहे. पण विषय वाटेवरच्या भीतीचा आहे. भीती ही प्रसंगाची असते, घर जाणे ही आयुष्यभराची गोष्ट असते. त्यामुळे तिच्याविषयी इथे एवढेच.

घराच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटते ती 'होम आफ्टर वॉर' (२०१८). मूळच्या भारतीय आणि बर्लिनमध्ये काम करणाऱ्या गायत्री परमेश्वरन यांनी ती केली. इराकमधले फल्लुजा शहर २०१६च्या जूनमध्ये इस्लामिक स्टेटच्या ताब्यातून सुटले आणि माणसे घरी परतू लागली. पण घरांत स्फोटके पेरून ठेवलेली. एक बाप आपल्याला स्वतःच्या घरातून हिंडवतो. अशाच स्फोटात त्याचे दोन मुलगे गेले आहेत. ते घर असंख्य छायाचित्रे जोडून, त्रिमितीत, भिंतीच्या पोपड्यांसकट पुन्हा उभे केलेले आहे. त्यामुळे त्यात खरोखर पावले टाकत फिरता येते.

आणि इथे चालण्याचा अर्थ उलटा होतो. निर्वासिताला सगळ्यात हवे असते ते परतणे. इथे परतणे घडले आहे. दार उघडे आहे, जिना आहे, गच्ची आहे. पण दरवाजा ढकलावा की न ढकलावा, पुढची फरशी पायाखाली घ्यावी की नाही, ही धास्ती सगळ्या घरभर पसरलेली आहे. 'डावीकडे वळ' म्हणावे आणि डावीकडेच मरण असावे. आपल्याकडे वास्तू तथास्तु म्हणते असे मानतात. या बापाच्या वास्तूने तोंड मिटले आहे. डिजिटल कलेने दिलेले चालण्याचे स्वातंत्र्य विषयाशी इतके घट्ट जोडलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. डिसेंबर २०२४मध्ये सीरियातली असद राजवट कोसळल्यावर तिकडेही लाखो माणसे परत निघाली आहेत. त्यांच्याविषयी विचार करताना ही कलाकृती झातारीच्या चित्रपटापेक्षा अधिक उपयोगी पडते. परत जाणे म्हणजे घर मिळणे नव्हे, हे ती शब्दांत न सांगता तळपायाला सांगते.

वाट पाहणारा फोन

गॉगलची चर्चा फार होते, पण निर्वासिताच्या हातात गॉगल नसतो, फोन असतो. हे ओळखून २०१७मध्ये फ्रान्समध्ये एक फोनवरचा खेळ तयार झाला : 'बरी मी, माय लव्ह'. त्याची प्रेरणा ल मोंद या वृत्तपत्राने २०१५मध्ये छापलेला एका सीरियन तरुणीचा व्हॉट्सॲप संवाद. खेळात नूर ही तरुणी युरोपच्या दिशेने निघते आणि तिचा नवरा मज्द घरच्यांसाठी होम्समध्येच थांबतो. खेळणारा माणूस म्हणजे मज्द. खेळ सगळा निरोपांतून चालतो. शीर्षक अरबीतल्या एका लाडक्या बोलण्यावरून घेतलेले आहे : मला पुरायला तू मागे राहा, माझ्याआधी जाऊ नकोस. आपल्याकडची आजी 'माझं आयुष्य तुला लागो' म्हणते, तोच हा जिव्हाळा.

या खेळाची ताकद त्याच्या चित्रांत नाही, वेळात आहे. नूर 'आता बोटीत बसतोय' असा निरोप पाठवते आणि गप्प होते. खेळ खऱ्या घड्याळावर लावलेला असेल तर पुढचे कित्येक तास फोनवर काही येत नाही. आपण भाजी आणतो, जेवतो, पासबुक भरून आणतो, आणि मध्येच खिशात हात जातो. शेवट १९ आहेत. सगळे चांगले नाहीत. आपण दिलेला सल्ला कुठे नेईल ते कळत नाही.

खेळ म्हटल्यावर गंभीर वाचक नाक मुरडतील, म्हणून मुद्दाम सांगतो. मी पाहिलेल्या सगळ्या कलाकृतींत एकटेपण सगळ्यात अचूक याच कृतीत उतरले आहे. कारण तिने ते दाखवायचा प्रयत्न केला नाही, ते आपल्या दिवसात पेरले. दुसरे असे, की तिने मागे राहिलेल्याची बाजू घेतली. निर्वासितांविषयीची बहुतेक कला निघालेल्यांची असते. घरात राहूनही घर गेलेला माणूस तीत क्वचित येतो. मज्दचे छप्पर जागेवर आहे, पण ज्या माणसामुळे त्या छपराखाली घर होते, ते माणूस फोनमध्ये राहायला गेले आहे.

ज्याचे त्याला

आता पुन्हा आपल्या फाळणीकडे. सुमारे दीड कोटी माणसे इकडची तिकडे झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा उंबरा दिसला नाही. व्हिसाच मिळत नाही. २०१८मध्ये ऑक्सफर्डमधल्या भारतीय, पाकिस्तानी आणि ब्रिटिश तरुणांनी 'प्रोजेक्ट दास्तान' सुरू केला. स्पर्श आहुजा हे त्याचे प्रमुख. त्यांचे आजोबाही सीमेपलीकडून आलेले. कल्पना साधी होती. वृद्ध निर्वासिताला गाव, गल्ली, शाळा, मशीद, देऊळ, विहीर असे काय पाहायचे ते विचारायचे. स्थानिक माणसांच्या मदतीने ती जागा शोधायची, ३६० अंशांत चित्रित करायची आणि गॉगल त्या वृद्धाच्या डोळ्यांवर चढवायचा. २०२२पर्यंत, फाळणीला ७५ वर्षे होईतो, ७५ जणांना असे 'परत' न्यायचे, हे उद्दिष्ट होते.

तंत्र झातारीचेच. मान वळते, पाऊल हलत नाही. पण गॉगल दुसऱ्याच्या डोळ्यांवर गेला आणि सगळा व्यवहार बदलला. इथे कोणाला कोणाचे दुःख 'कळवायचे' नाही. ज्याचे आहे त्याला ते पोचवायचे आहे. सहानुभूतीचे यंत्र इथे टपालाचे काम करते. आणि टपालाला पत्ता लागतो. तो सांगताना वृद्ध माणसाला बोलावे लागते, हौद कुठे, मिठाईवाले कुठे. माझ्या मते या उपक्रमातली खरी कलाकृती त्या विचारपुशीत आहे, चित्रफीत तिची पोच आहे.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. आठवणीतले घर अखंड असते. चित्रणात ते पडलेले दिसू शकते, किंवा त्यात दुसऱ्यांचे कपडे वाळत असलेले दिसू शकतात. पाऊणशे वर्षे जपलेले चित्र पाच मिनिटांत पुसायचा अधिकार कोणाला? मला वाटते, याचे उत्तर एकच : मागितल्याशिवाय दाखवू नये. मी स्वतः दादांना न विचारता ती चित्रफीत दाखवली होती. ती चूक होती, आणि तिच्यातून काही चांगले निघाले म्हणून ती चूक नव्हती असे होत नाही.

याच गटाची 'चाइल्ड ऑफ एम्पायर' ही आभासी वास्तवातली ॲनिमेशन कृती २०२२मध्ये सनडान्स महोत्सवात आली. तीत दोन म्हातारे एक पटावरचा खेळ खेळत बसले आहेत. एक पाकिस्तानातून भारतात आलेला हिंदू, दुसरा भारतातून पाकिस्तानात गेलेला मुसलमान. सोंगट्या हलवता हलवता ते आपापले बालपण सांगतात आणि प्रेक्षक त्या काळात शिरतो. काफिल्याची, आगगाडीची दृश्ये अपेक्षित आहेत आणि काही ठिकाणी शोभिवंतही झाली आहेत. तिथे मी फार रमलो नाही. रमलो त्या पटाशी. या दोघांनी एकमेकांचे घर पाहिलेले नाही, पण घर कसे जाते हे दोघांना ठाऊक आहे. मालानींच्या भिंतींवरच्या दोघींना साडीची टोके जुळवता आली नव्हती. इथे दोघे निदान एका पटाच्या दोन बाजूंना बसले.

या सगळ्या कृती एकत्र ठेवल्यावर मला एक कसोटी हाती लागल्यासारखी वाटते. निर्वासिताच्या घराविषयीची डिजिटल कला किती हुबेहूब आहे, यावर तिचे मोल ठरत नाही. ती त्याच्या एकटेपणात दुसरे माणूस आणून बसवते का, यावर ठरते. ट्रंकेपुढे वाकणारा प्रेक्षक, नूरच्या निरोपासाठी खिसा चाचपणारा खेळाडू, हौदाची जागा विचारणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थी, पटापलीकडचा म्हातारा, ही ती माणसे. जिथे प्रेक्षक गॉगलमध्ये एकटाच हळहळतो आणि गॉगल काढून निघून जातो, तिथे दोन एकटेपणे शेजारी बसून उठतात, एवढेच.

या वर्षी अक्षय्य तृतीयेला दादांकडे गेलो तेव्हा त्यांना 'दास्तान'ची हकीकत सांगितली. विचारले, तुमचे घर असे कोणी टिपून आणले तर बघाल का? ते बराच वेळ गादीच्या कडेवरची शिवण चाचपत राहिले. मग म्हणाले, त्या घरात आता कोणाची तरी लेकरे-बाळे असतील, कॅमेरा घेऊन त्यांच्या दारात कशाला जायचे? मग थोड्या वेळाने : "घर रहने दे. उस गली का कोई आदमी मिले तो फोन लगा के दे."

त्या गल्लीतली त्यांच्या माहितीची शेवटची व्यक्ती म्हणजे त्यांची चुलत बहीण. ती पिंपरीला होती. चार वर्षांपूर्वी वारली. मी उल्हासनगरात, चेंबूरला, पिंपरीला ओळखीच्यांकडे विचारून ठेवले आहे. शिकारपूरचे काही जण भेटले, त्या गल्लीचे अजून कोणी भेटलेले नाही.